पितळी जहाजांची साक्ष

मॅक्सवेलनें १८६५ सालीं विद्युच्चुंबकीय लहरींचे नियम मांडले. तथापि युद्धनौकेवरील बिनतारी संदेश कोणत्या दिशेस क्षीण होईल, हें त्यांवरून सहज वर्तवितां येईना. कारण डोलकाठ्या, धुराडीं, तोफा या सर्वांत विद्युत्प्रवाह उठून सारें जहाजच एरियल बने. ऐन युद्धांत एखाद्या दिशेस संदेश न पोंचणें म्हणजे प्राणाशींच गांठ! म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन आरमारानें सॅन डिएगो येथें ४८ पट लहान अशीं पितळी जहाजें घडविलीं. लहरीहि तितक्याच आंखूड घेतल्या. ६० मीटरांच्या लहरीऐवजीं सव्वा मीटरांची. फिरत्या चौथऱ्यावर जहाज वळवून दिशादिशांचें बळ मोजलें जाई. १९६८ सालच्या हॅरिंग्टनच्या ग्रंथानें धातूचे लहान भाग कल्पून प्रवाह काढण्याची गणितरीत रूढ केली. पुढें संगणक तें गणित करूं लागले. पण त्यांच्या उत्तरांची पारख पितळेवरील मोजमापांनींच झाली.