पूर्वपरवानगी आणि मौन : निजामी बीड व व्यापलेला जपान

परकीय सत्ता एखाद्या समाजाच्या वाङ्मयावर व कलेवर नियंत्रण घालते, तेव्हा नष्ट झालेल्या कृतींची गणना करून इतिहासकाराचे काम संपत नाही. त्या नियंत्रणाची कार्यपद्धती कोणती होती, आणि तिचा मागमूस आज कोठे सापडतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. प्रस्तुत टिपणात या दृष्टीने दोन उदाहरणांचा विचार करावयाचा आहे : निजामी राजवटीतील बीड जिल्हा आणि दुसऱ्या महायुद्धानंतरचा जपान.

हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या जिल्ह्यांत बहुसंख्य प्रजा मराठी बोलणारी होती. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू होती. 1929 साली निघालेल्या 'गश्ती निशाण 53' या परिपत्रकाने सार्वजनिक सभेस सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. सभा भरल्यानंतर तिच्यातील आक्षेपार्ह भाषणाबद्दल शासन करणे निराळे, आणि सभा भरण्यापूर्वीच तिचे भवितव्य अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविणे निराळे. पहिल्या पद्धतीत निदान भाषण तरी घडते. दुसऱ्या पद्धतीत पुष्कळदा ते घडतच नाही.

ही बाब बीड जिल्ह्याच्या संदर्भात विशेष विचारणीय आहे. मुकुंदराज व दासोपंत यांच्या परंपरेचा वारसा सांगणारे अंबाजोगाई हे गाव तेव्हा सरकारदरबारी मोमिनाबाद या नावाने ओळखले जाई. दासोपंतांची लांबच लांब वस्त्रावर लिहिलेली 'पासोडी' येथलीच. याच गावी स्वामी रामानंद तीर्थ यांनी 1935 पासून योगेश्वरी विद्यालयाची धुरा वाहिली व 1938 मध्ये शिक्षकी पेशा सोडून राजकीय कार्यास वाहून घेतले. जेथे उघड राजकीय सभेस वाव नसतो, तेथे शाळा, वाचनालय व उत्सव यांच्याकडे विचारप्रसाराचे कार्य आपोआप येते. 1937 साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेही याच कोंडीतून वाट काढण्याचा एक प्रयत्न होते.

1938 हे वर्ष निर्णायक ठरले. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या रीतसर स्थापनेपूर्वीच सप्टेंबरमध्ये बंदी आली. ती 1946 पर्यंत टिकली. त्याच वर्षाच्या अखेरीस 'वंदे मातरम्' गाण्यास मनाई झाल्याने उस्मानिया विद्यापीठातील व औरंगाबादच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी संप केला. काढून टाकलेल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. त्यांत पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. येथे बंदीचा परिणाम उलट झाला. प्रार्थनागृहातले एक गीत संस्थानभर चळवळीचा विषय झाले.

आता जपानकडे वळू. सप्टेंबर 1945 मध्ये अमेरिकी सेनाधिपत्याने तेथे वृत्तपत्रसंहिता लागू केली. लोकशाहीचा पुरस्कार करणाऱ्या या सत्तेने वृत्तपत्रे, पुस्तके, नाटके, इतकेच नव्हे तर बालवाङ्मय व मांगा चित्रकथाही तपासल्या. सरंजामी निष्ठा व सूड यांचे गौरवीकरण होते म्हणून काबुकी रंगभूमीवरील अनेक नाटकांना मज्जाव झाला. त्यांतील 'चूशिंगुरा' हे विख्यात नाटक 1947 मध्ये पुन्हा रंगमंचावर आले. युद्धपूर्व जपानी सरकारच्या काळात गाळलेल्या मजकुराच्या जागी फुल्या वा मोकळी जागा ठेवण्याची पद्धत होती. अमेरिकी अधिकाऱ्यांनी तीही निषिद्ध केली. मजकूर गाळला गेला, ही गोष्टच वाचकास कळू नये, असा त्यामागे हेतू होता.

तरीही येथे एक विलक्षण योगायोग घडला. तपासणीसाठी आलेली कागदपत्रे अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात प्रांगे संग्रह म्हणून जतन झाली. त्यामुळे कोणते वाक्य कोणी खोडले, हे अभ्यासकास आज पाहता येते. नियंत्रकाचे दप्तरच नियंत्रिताचे स्मारक बनले. बीडच्या बाबतीत मात्र अडचण अशी की, पूर्वपरवानगीच्या पद्धतीत न भरलेल्या सभेचे भाषण कोणत्याच दप्तरात असण्याचा संभव नाही. अर्ज सापडेल, नकार सापडेल. न बोलले गेलेले शब्द सापडणार नाहीत.

नियंत्रणाची ही सूक्ष्म रूपे आजही लोपलेली नाहीत. 1990 च्या दशकाच्या अखेरीस 'पोकेमॉन' ही जपानी चित्रमालिका अमेरिकेत दाखविताना भाताच्या मुटक्याला संवादांत 'डोनट' म्हटले गेले. उलट 2008 मध्ये 'शिन चॅन' या मालिकेचे प्रक्षेपण आपल्याच देशात थांबविण्यात आले होते. तेव्हा परकी नीतिमूल्यांचा काच फक्त पाश्चात्त्यच लावतात, असे मानणे एकांगी ठरेल.

म्हणून मराठवाड्याच्या 1929 ते 1948 या कालखंडाचा अभ्यास करणाऱ्याने केवळ छापील साहित्यावर विसंबू नये. परवानगीचे अर्ज, शाळांची वार्षिक वृत्ते, उत्सवांचे जमाखर्च आणि वृद्धांच्या आठवणी ही साधने त्यास जोडावी लागतील. त्या काळी मराठवाड्यात फारसे काही लिहिले-बोलले गेले नाही, असा निष्कर्ष उपलब्ध कागदांच्या तुटपुंजेपणावरून काढणे म्हणजे नियंत्रकाचा निर्णय इतिहासाच्या न्यायासनावरून कायम करणे होय.