फुप्फुसाचा कर्करोग : रुग्णनिहाय औषधयोजना

गाठीच्या पेशींतील जनुकीय बदल तपासून त्या रुग्णाला लागू पडेल असे औषध निवडण्याची पद्धत. रुग्णालयांत ‘टार्गेटेड थेरपी’ हे नाव रूढ.

या पद्धतीत औषध आधी सापडले, कारण मागून. जेफिटिनिब ही गोळी जपानमध्ये २००२ साली मान्य झाली. बहुतेकांना तिचा उपयोग होत नसे. थोड्यांची गाठ मात्र झपाट्याने आकसे. २००४ मध्ये बॉस्टन आणि न्यूयॉर्क येथील संशोधकांनी या थोड्यांच्याच गाठी तपासल्या. पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणाऱ्या ईजीएफआर जनुकात बदल होऊन तो निरोप अखंड चालू राहिला होता. गोळी तोच थांबवत होती. विडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्यांत आणि स्त्रियांत हा बदल अधिक आढळतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील २०१३ च्या अभ्यासात ९०७ भारतीय रुग्णांपैकी सुमारे २३ टक्क्यांत तो आढळला. पुढे तेथेच वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष व सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांवर चाचणी घेतली. नुसत्या जेफिटिनिबने आजार सरासरी ८ महिने आटोक्यात राहिला; सोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमो दिल्यावर १६ महिने. तीव्र दुष्परिणाम मात्र २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. नवे महाग औषध न आणता हाताशी असलेल्या औषधांतून मिळालेले हे उत्तर, म्हणून त्याचे मोल विशेष.

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने दादरला उतरून परळला टाटा मेमोरियल गाठणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत सर्वांत मौल्यवान वस्तू असते ती बायॉप्सीचा ‘ब्लॉक’, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा. जनुकतपासणी त्याच्यावर होते. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. तुकडा फार लहान असला, तर पुन्हा सुई टोचून घेण्याची पाळी येते. या तपासणीपर्यंत पोचायलाही उशीर होतो: जुना खोकला, घटलेले वजन, थुंकीतून रक्त ही लक्षणे टीबीचीही असल्याने काहींचे महिने टीबीच्या गोळ्यांत जातात, हे फार दुःखद आहे.

काही काळाने जेफिटिनिबचा उपयोग होईनासा होतो. अशा निम्म्याहून अधिक रुग्णांत टी७९०एम हा नवा बदल सापडतो आणि त्यावर ओसिमर्टिनिब चालते. त्यासाठी गाठ पुन्हा तपासावी लागते. कधी रक्ताच्या नमुन्यावरही भागते, आणि तो नमुना कोल्हापुरात घेऊन पाठवता येतो.