दुःसाध्य रक्तक्षयाचा इतिहास आणि मुंबईतील एक संशोधन

अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती बिघडल्यामुळे उद्भवणाऱ्या ज्या विकारसमूहास आज मायलोडिसप्लास्टिक सिंड्रोम (एमडीएस) म्हटले जाते, त्याचा इतिहास हा एका अर्थाने वजाबाकीचा इतिहास आहे. या विकारात मज्जा बहुधा पेशींनी भरलेली असते. परंतु त्या सदोष असल्याने पुष्कळशा मज्जेतच नष्ट होतात. परिणामी रक्तात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व बिंबिका यांची उणीव राहते आणि काही रुग्णांत पुढे तीव्र ल्युकेमिया होतो. असा स्वतंत्र विकार आहे हे उमगण्यापूर्वी औषधाने बरे होणारे रक्तक्षय ओळखून बाजूला काढणे आवश्यक होते. त्यातील एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत पार पडला. प्रस्तुत लेखाचा रोख त्यावर आहे.

रक्तक्षयाचे प्रकार पाडण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. चरकसंहितेत पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील एक माती खाल्ल्याने होणारा आहे. उपचारांत लोहकल्पही आहेत. तथापि मज्जेचा प्रश्न सूक्ष्मदर्शक आल्याशिवाय उभा राहणे शक्य नव्हते.

१९२६ मध्ये मायनॉट व मर्फी यांनी यकृताच्या आहाराने घातक रक्तक्षय आटोक्यात येतो हे दाखविले. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, डॉ. ल्यूसी विल्स मुंबईस आल्या. गर्भवती स्त्रियांना, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना होणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा शोध त्यांनी हाफकिन संस्थेत घेतला. तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, म्हणजे चित्र घातक रक्तक्षयासारखेच. तळपदे या सहकाऱ्यासमवेत त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी १९३० मध्ये प्रसिद्ध केली. मेहता व बिलिमोरिया हीही नावे या लेखमालेत आढळतात. विल्स यांच्या चरित्रलेखनात मात्र ती क्वचितच येतात, याची खंत वाटते. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांत तसाच रक्तक्षय उत्पन्न झाला. मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर रुग्ण स्त्रिया सुधारू लागल्या, आणि १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने हा निष्कर्ष छापला. पुढे असेही दिसले की घातक रक्तक्षयावर गुणकारी ठरणारा शुद्ध यकृतार्क या रुग्णांस उपयोगी पडत नाही. अर्थात येथे उणीव दुसऱ्याच घटकाची होती.

तो घटक म्हणजे फोलिक आम्ल. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे केले गेले व १९४५ मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेत, येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली, त्याचे संश्लेषण झाले. ब-१२ जीवनसत्त्व १९४८ मध्ये हाती आले.

या दरम्यान, १९३८ मध्ये, ऱ्होड्स व बार्कर यांनी उपचारांस न जुमानणाऱ्या रक्तक्षयाच्या शंभर रुग्णांचे विश्लेषण प्रसिद्ध करून त्यास 'दुःसाध्य' या अर्थाचे नाव दिले. मात्र तेव्हा फोलिक आम्ल ज्ञातच नव्हते. वजाबाकी अपुरी होती. म्हणून त्या शंभरांना आजच्या अर्थाने एमडीएसचे रुग्ण मानणे धाडसाचे ठरेल. १९४९ मध्ये हॅमिल्टन-पॅटरसन यांनी 'ल्युकेमियापूर्व रक्तक्षय' ही संज्ञा वापरली. फ्रेंच, अमेरिकन व ब्रिटिश तज्ज्ञांच्या गटाने १९८२ मध्ये या विकाराचे पाच प्रकार ठरविले. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये ल्युकेमियासाठी अपक्व पेशींची सीमा ३० वरून २० टक्क्यांवर आणली आणि २०२२ मध्ये 'सिंड्रोम'ऐवजी अर्बुदवाचक नाव स्वीकारले. नावातील हा बदल रुग्णाच्या दृष्टीने लहान नाही; ज्यास 'रक्त कमी आहे' असे सांगितले जाई, त्यास आता कर्करोग म्हटले जाते.

पूर्ण बरे करू शकणारा उपाय मज्जारोपण हाच. भारतातील पहिले मज्जारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये झाले. परंतु एमडीएसचे बहुतेक रुग्ण वयोवृद्ध असल्याने अनेकांना ते झेपत नाही.

निदानातील वजाबाकी आजही चुकलेली नाही. ब-१२, फोलिक आम्ल व तांबे यांची उणीव, मद्यपान आणि काही औषधे यांमुळेही मज्जेत तत्सदृश बदल होतात. शिशाच्या विषबाधेत तर, एमडीएसच्या एका प्रकाराप्रमाणेच, केंद्रकाभोवती लोहकणांचे कडे असलेल्या पेशी दिसू शकतात. आणि चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या पद्धतीत शिसे वापरले जात असे. हुपरीसारख्या चांदीकामावर जगणाऱ्या गावातून आलेल्या फिकट रुग्णास मज्जेच्या तपासणीआधी त्याचा व्यवसाय विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.