ताश्कंद, १० जानेवारी १९६६: दुपारी चार ते रात्री दीड

दुपारी ४ च्या सुमारास. भारताचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान १९६५ च्या युद्धानंतरच्या करारावर सह्या करतात. मध्यस्थ सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन. दोन्ही सैन्यांनी २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परतायचे. म्हणजे जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजी पीर खिंडही सोडायची. सोबत आलेले संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण हे सारे पाहत आहेत. शास्त्री ६१ वर्षांचे. हृदयविकाराचे दोन झटके येऊन गेलेले, दुसरा तर पंतप्रधान झाल्या झाल्या.

संध्याकाळी सोव्हिएत पाहुणचार. समारंभच तो.

रात्री १०. मुक्कामाच्या बंगल्यावर परत. राजदूत टी. एन. कौल यांच्या आचाऱ्याने पालक-बटाट्याची भाजी केली आहे. शास्त्री जेमतेम चार घास खातात. दिल्लीचा फोन येतो: विरोधक उखडलेत, त्यांत वाजपेयीही.

रात्री ११ च्या आसपास. आता घरी फोन. करार आवडला नाही, असे लेकच सांगते. आईलाही आवडला नाही म्हणते. घरच्यांनाच पटले नाही तर बाहेरचे काय म्हणतील, ही रुखरुख ते बोलून दाखवतात. दिल्लीची वर्तमानपत्रे काबूलला मागवतात, कारण सकाळी काबूल गाठायचे आहे. मग खोलीत येरझाऱ्या.

साडेबाराच्या सुमारास. दूध घेऊन सेवकाला झोपायला पाठवतात.

१ वाजून २० मिनिटे. सहायक सामान बांधत असताना शास्त्री स्वतःच दारात येतात आणि डॉक्टर कुठे आहेत, असे विचारतात. पाठोपाठ खोकल्याची जीवघेणी ढास. त्यांना पलंगावर नेतात. त्यांचे डॉक्टर चुघ धावत येऊन इंजेक्शन देतात.

१ वाजून ३२ मिनिटे. सारे संपते.

माध्यम सल्लागार कुलदीप नय्यर खोलीत शिरले तेव्हा थर्मास आडवा पडला होता. खोलीत घंटी नव्हती, असे ते लिहितात. सरकारने संसदेत उलट सांगितले. विषप्रयोगाच्या कहाण्या आजही चघळल्या जातात, आणि शवविच्छेदनच न झाल्याने त्या खोडायची सोय राहिली नाही. मला मात्र विषापेक्षा ते चालत येणे जास्त खटकते. दोन झटके पचवलेल्या पंतप्रधानाला डॉक्टरसाठी स्वतः उठावे लागले.

पहाटे ४ च्या सुमारास अयुब खान येतात. दिल्लीत गुलझारीलाल नंदा दोन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा हंगामी पंतप्रधान होतात.