फुकटचे ॲप आणि आपल्या घरचा हिशेब

अमरावतीच्या इतवाऱ्यातला भाजीवाला असो की अकोल्याच्या टिळक रोडवरचा कापड दुकानदार, मोबाईल सगळ्यांच्या हातात आहे आणि त्यातली बहुतेक ॲप फुकटची आहेत. व्हॉट्सॲपला पैसे पडत नाहीत, यूट्यूबला नाहीत, नकाशाला नाहीत, नमाजच्या वेळा सांगणाऱ्या ॲपलाही नाहीत. तरी ही ॲप चालवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांत मोडतात. हा पैसा येतो कुठून आणि त्यात आपल्या घरातून काय जाते, ते आम्ही इथे मांडत आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो. जाहिरात हा या धंद्याचा दिसणारा भाग. आपल्याला महागात पडतो तो दुसरा भाग, म्हणजे एकदा आत आलेल्या माणसाला बाहेर पडणे जड जावे ही व्यवस्था.

आधी जाहिरातीचे पाहू. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्हींची मालक असलेल्या मेटा कंपनीची 2023 ची एकूण मिळकत सुमारे 135 अब्ज डॉलर होती. त्यातले जवळपास 132 अब्ज डॉलर जाहिरातीतून आले, म्हणजे शंभर रुपयांतले 98 रुपये. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेटने त्याच वर्षी सुमारे 307 अब्ज डॉलर मिळवले. त्यातले 238 अब्ज जाहिरातीचे.

गावातल्या पेपरात ईदच्या सेलची जाहिरात दिली तर ती कोणी वाचली हे दुकानदाराला कळत नाही. मोबाईलवर तसे नसते. तुम्ही पान उघडता त्या क्षणी, पान पूर्ण दिसायच्या आत, तुमच्यासमोरच्या जागेचा लिलाव होऊन जातो. माणूस कोणत्या शहरातला, कोणत्या वयाचा, कोणत्या भाषेत वाचणारा, मागच्या आठवड्यात काय शोधत होता, यावर बोली लागते. लोक म्हणतात की कंपनी आपले नाव-नंबर दुकानदाराला विकते. मोठ्या कंपन्या सहसा तसे करत नाहीत. तुमची माहिती त्या स्वतःजवळच ठेवतात आणि ‘अशा माणसाला जाहिरात दाखवून देतो’ एवढेच विकतात. ही माहिती हीच त्यांची पुंजी, ती त्या दुसऱ्याला कशाला देतील?

यात धर्माचाही संबंध येतो. जाहिरातदाराला धार्मिक आवडीवरून माणसे निवडता येतील असे काही पर्याय फेसबुकवर होते. ते मेटाने जानेवारी 2022 पासून काढून टाकले. पाऊल चांगलेच आहे, पण भाषा आणि ठिकाण हे पर्याय तसेच राहिले. उर्दू वाचणारा माणूस आणि शहराचा अमुक एक भाग एवढे निवडले की आणखी काय विचारायची गरज राहते?

नमाजच्या ॲपचे प्रकरण

हे प्रकरण आपल्या प्रत्येक घराने माहीत करून घ्यावे असे आहे. ‘मुस्लिम प्रो’ हे अजान, नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणारे ॲप जगभर दहा कोटींच्या आसपास वेळा डाऊनलोड झालेले होते. नोव्हेंबर 2020 मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी वृत्तसंकेतस्थळाने उघड केले की या ॲपमधून वापरणाऱ्यांचे लोकेशन ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होते. एक्स-मोडचा धंदाच तो. छोट्या ॲपवाल्यांना आपला एक तुकडा ॲपमध्ये बसवायला सांगायचे, त्याबद्दल त्यांना पैसे द्यायचे आणि जमलेले लोकेशन पुढे विकायचे. पुढच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराची कामे करणारे कंत्राटदार होते. बातमी आल्यावर मुस्लिम प्रोने आपण लष्कराला थेट काही विकल्याचे नाकारले आणि एक्स-मोडशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात ॲपल आणि गूगलनेही एक्स-मोडचा तो तुकडा आपापल्या स्टोअरमधल्या ॲपमध्ये ठेवायला मनाई केली. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीवर, तोवर तिचे नाव ‘आउटलॉजिक’ झाले होते, दवाखाने आणि प्रार्थनास्थळे यांसारख्या नाजूक ठिकाणांचे लोकेशन विकण्यास बंदी आणली.

ॲप बनवणाऱ्याने कदाचित वाईट हेतूने काही केले नसेल. फुकटचे ॲप चालवायचे तर सर्व्हरचे भाडे आणि माणसांचे पगार निघायला हवेत, आणि दारात आलेला खरेदीदार लोकेशन मागत होता. पण माणूस रोज पाच वेळा फोन उघडतो तो इबादतीसाठी. तो कुठे उभा आहे ही त्याची अमानत होती आणि ती त्याला न विचारता पुढे गेली.

आता साधा हिशेब करून पाहा. अकोला आणि अमरावतीच्या नमाजच्या वेळांत फरक पडतो तो साधारण तीन मिनिटांचा. म्हणजे वेळ सांगण्यासाठी ॲपला शहराचे नाव पुरते, आपली गल्ली आणि घर कळण्याची गरज नाही. किब्ल्याचेही तेच. आपल्या भागातून तो पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे, मोर्शीत बसा की मूर्तिजापुरात. तेव्हा अशा ॲपला लोकेशनची परवानगी न देता शहर हाताने निवडावे. सेटिंगमध्ये ‘अचूक लोकेशन’ बंद करण्याची सोय अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आहे. ज्या ॲपला शहराचे नाव चालत नाही, ते काढून टाकलेले बरे. रमजानात दुकानदार सहरी-इफ्तारीचे छापील टाइमटेबल वाटतात, त्यावरही जाहिराती असतातच. पण ते भिंतीवर टांगले तर घरात कोण आले, कोण गेले, याची नोंद ठेवत नाही.

उधारी देणाऱ्या ॲपबद्दल दोन शब्द. कर्ज देताना फोनमधले सगळे नंबर मागायचे आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून बेइज्जती करायची, हा प्रकार अनेक घरांनी सोसला आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जाचे नियम काढले, त्यानुसार कर्जाच्या ॲपने फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो आणि कॉलची यादी पाहायची नाही. जे ॲप ही परवानगी मागते ते नियमाबाहेर आहे, एवढे घरातल्या बायकांना आणि पोरांना सांगून ठेवावे.

अडत्याचे खाते

अडकवून ठेवणे काय असते हे वऱ्हाडच्या कास्तकाराला शिकवायची गरज नाही. हंगामाच्या तोंडावर अडत्याने बी-खताला पैसे दिले की कापूस त्याच्याच दारात न्यावा लागतो, मग शेजारी दोन रुपये जास्त मिळत असले तरी. 1972 मध्ये राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, ती खासगी व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवण्यासाठी. पण त्यात कापूस सरकारी खरेदीलाच घालायचा अशी सक्ती झाली आणि भाव पटला नाही की गाड्या रात्री राज्याची हद्द ओलांडू लागल्या. 2002 नंतर बीटी कापूस आला. त्याचे बी संकरित, घरचे ठेवून तेच पीक येत नाही, म्हणून पाकीट दरवर्षी नवे. तंत्रज्ञानाच्या कंपनीला दरवर्षी परत येणारे गिऱ्हाईक लागते, ते असे तयार होते.

मोबाईलवर हेच फोटोंच्या बाबतीत घडले. गूगलने 2015 मध्ये फोटो ठेवायची सोय दिली, थोड्या कमी दर्जाचे फोटो हवे तेवढे, फुकट. लोकांनी निकाहचे, अकिक्याचे, हजला निघालेल्या अम्मी-अब्बांचे फोटो तिथे टाकले. 1 जून 2021 पासून ती सूट बंद झाली. त्यानंतरचे फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह सगळे मिळून 15 जीबीत बसवायचे, जास्त लागले तर दरमहा पैसे. 2024 मध्ये अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच 15 जीबीत मोजला जाऊ लागला. पैसे फार नाहीत. पण सहा वर्षांच्या आठवणी आत असताना किती माणसे भाव विचारत बसणार?

व्हॉट्सॲपचा फास त्याहून घट्ट आहे. 2014 मध्ये फेसबुकने ही कंपनी 19 अब्ज डॉलरला घेण्याचा सौदा जाहीर केला. तेव्हा व्हॉट्सॲप काही ठिकाणी वर्षाला एक डॉलर घेत असे, तेही 2016 मध्ये बंद झाले. त्याच वर्षी सगळे मेसेज कुलूपबंद झाले. आपण काय लिहितो ते मधल्या कोणाला वाचता येत नाही, हे खरे आहे आणि कंपनीला त्याचे श्रेय द्यायला हवे. पण कोण कोणाशी, कधी आणि किती वेळा बोलतो, ही नोंद वेगळी. कमाई होते ती बँका आणि कंपन्या आपल्याला जे मेसेज पाठवतात त्यावर, आणि जून 2025 मध्ये ‘अपडेट्स’च्या टॅबमध्ये जाहिराती आणण्याचेही जाहीर झाले. न पटल्यास माणूस जाईल कुठे? मोहल्ल्याचा ग्रुप तिथे, शाळेचा तिथे, जमातीचा तिथे, दुबईतला भाऊ तिथे. एकट्याने दुसरे ॲप घेऊन उपयोग शून्य. जानेवारी 2021 मध्ये ‘नवी अट मान्य करा’ असे फर्मान आले तेव्हा बहुतेकांनी न वाचता बटण दाबले. भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये याच अटीबद्दल मेटाला 213 कोटी 14 लाखांचा दंड केला. जाहिरातीसाठी माहिती पाच वर्षे दुसऱ्या ॲपना देऊ नका असाही आदेश होता. अपिलात, नोव्हेंबर 2025 मध्ये, दंड कायम राहिला आणि पाच वर्षांची बंदी उठली.

गूगललाही आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये 1337 कोटी 76 लाखांचा दंड केला, अँड्रॉइड फोनवर आपली ॲप लादल्याबद्दल. फोन विकत घेताना जे आधीच बसवलेले असते तेच लोक वापरतात, हे कंपन्यांना पक्के माहीत आहे. आयफोनवर आपले सर्च आधीपासून असावे म्हणून गूगलने एकट्या 2022 मध्ये ॲपलला सुमारे 20 अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आले.

पण फाटक उघडता येते, आणि ते आपल्याच देशात उघडलेले आहे. जानेवारी 2011 पासून नंबर तोच ठेवून मोबाईल कंपनी बदलता येते. 1900 ला मेसेज टाकायचा आणि आलेला कोड नव्या कंपनीकडे द्यायचा. त्याआधी नंबर जाईल या भीतीने माणूस वाईट सेवाही सोसत होता. 2016 मध्ये आलेल्या यूपीआयचेही तसेच. दुकानावरचा क्यूआर एका कंपनीचा, गिऱ्हाइकाचे ॲप दुसऱ्याचे, तरी पैसे जातात, कारण नियमच तसा केला. आज दोन ॲपकडे यूपीआयचे बहुतांश व्यवहार आहेत, पण उद्या त्यांच्यातले एक काढून टाकले तरी आपले बँकेतले पैसे बँकेतच राहतात. यूपीआयवर दुकानदाराकडून कमिशन घेता येत नाही, म्हणून ही ॲप कमावतात ती बोलणाऱ्या डब्याचे मासिक भाडे, रिचार्जवरचा आकार, कर्ज आणि विमा यांतून. दुकानदाराने डबा घेताना भाडे किती आणि परत करायचे झाल्यास काय, हे लिहून घ्यावे. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत आणि मे 2023 मध्ये अकोल्यात दंगलीनंतर इंटरनेट बंद ठेवले गेले, हे लक्षात ठेवून गल्ल्यात थोडी रोकड आणि वहीत गरजेचे नंबर असू द्यावेत.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांवर नजर ठेवून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार आहेत. आपल्या मागे आपल्या माहितीचे कोणी पाहायचे, त्याचे नाव नोंदवायचा हक्कही त्यात आहे. तोवर घरच्या थोरांच्या खात्यांकडे आपणच लक्ष द्यावे. दोन वर्षे न उघडलेले गूगल खाते कंपनी फोटोंसकट पुसून टाकू शकते. गूगलमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ म्हणून सोय आहे, तिथे मुलाचा किंवा मुलीचा ईमेल देऊन ठेवता येतो. आणि ‘टेकआउट’ नावाच्या पानावरून सगळे फोटो एकदम उतरवून घेता येतात. ते एखाद्या हार्ड डिस्कवर घालून घरात ठेवावेत आणि वर्षातून एकदा, ईदच्या सुट्टीत म्हणा, ती लावून चालते का ते बघावे.