अभय आणि सुरक्षितता : लखनौच्या जाहीरनाम्यांतील एक शब्दविचार

१८५८ या एका वर्षात अवधच्या जनतेपुढे तीन जाहीरनामे आले. पहिला गव्हर्नर जनरल कॅनिंग यांचा, मार्च महिन्यातील. दुसरा व्हिक्टोरिया राणीचा, १ नोव्हेंबरचा. आणि तिसरा, बेगम हजरत महल यांनी आपला मुलगा बिरजिस कद्र याच्या नावाने राणीला दिलेल्या उत्तराचा. राजकीय इतिहासकारांनी या तिन्हींचा ऊहापोह पुष्कळ केला आहे. तथापि भाषेच्या अभ्यासकानेही त्यांच्याकडे वळावे असे त्यांत काही आहे. निर्धास्तपणा आणि निरुपद्रवीपणा सांगण्याची इंग्रजीची रीत आणि आपली रीत यांतील अंतर त्या कागदांत जितके स्पष्ट दिसते, तितके कोशांत दिसत नाही.

इंग्रजी शब्द प्रथम पाहावेत. ‘सेफ’ हा शब्द लॅटिन ‘साल्वुस’वरून फ्रेंचमार्गे आला, मूळ अर्थ अभंग, धडधाकट. ‘सिक्युअर’ म्हणजे मुळात ‘चिंतेविना’ असणारा. आपल्या ‘निश्चिंत’चा तो सख्खा भाऊच होय. ‘इनोसंट’ म्हणजे इजा न करणारा. निष्पाप हा अर्थ त्यातूनच पुढे आला. ‘हार्मलेस’ची कथा सर्वांत बोधप्रद आहे. त्याचा जुना अर्थ ज्याला इजा पोहोचली नाही असा. जो इजा करीत नाही असा, हा नंतरचा. जुना अर्थ आज कायद्याच्या भाषेत तेवढा उरला आहे; एखाद्याला नुकसानीची झळ लागू न देण्याची हमी करारात लिहितात, तेथे हाच शब्द येतो. या सर्व शब्दांचे एक लक्षण समान आहे. ते अवस्था सांगतात. ती अवस्था कोणामुळे प्राप्त झाली, हे सांगत नाहीत.

मराठीत ‘अभय’ दिले जाते, ‘कौल’ घेतला जातो, ‘हमी’ भरली जाते आणि ‘जामीन’ राहिला जातो. कौल हा मूळचा अरबी शब्द. अर्थ बोल, वचन. लखनौच्या दरबारी भाषेतील ‘अमान’ हाही असाच दिला-घेतला जाणारा शब्द. येथे देणारा आणि घेणारा असे दोघे असल्यावाचून वाक्यच पुरे होत नाही. संस्कृत ‘सुरक्षित’मध्येही रक्षण करणारा कर्ता गृहीत आहे, परंतु इंग्रजी ‘सेफ’चा प्रतिशब्द म्हणून राबता राबता त्या शब्दाला आपल्या कर्त्याचा विसर पडला.

कॅनिंगच्या जाहीरनाम्याने अवधमधील जमिनीवरील मालकी हक्क, काही मोजके जमीनदार वगळून, जप्त केले. जे त्वरित शरण येऊन शस्त्रे ठेवतील त्यांचे प्राण आणि अब्रू सुरक्षित राहील असे वचन दिले, आणि लगोलग एक अट घातली : त्यांचे हात इंग्रजांच्या खुनाने रंगलेले नसावेत. अवधचे चीफ कमिशनर औट्रम यांना ही भाषा फार कठोर वाटली आणि त्यांनी ती सौम्य करविली. राणीच्या जाहीरनाम्यातील क्षमेलाही अपवाद होतेच. बेगमेच्या उत्तराने नेमके याच कलमांवर बोट ठेवले. कोणाला क्षमा आणि कोणाला नाही, हे शब्दांवरून ठरत नसून ठरविणाऱ्याच्या मर्जीवर ठरते, असा त्याचा मथितार्थ. इंग्रजांनी कोणाचा अपराध पोटात घातल्याचे स्वप्नातही कोणी पाहिलेले नाही, असे सांगून त्या उत्तराने मोडलेल्या करारांची यादीच दिली. तीत पुणे-साताऱ्यापासून दूर करून बिठूरला ठेवलेल्या पेशव्यांचाही उल्लेख आहे. आश्वासनाचा अर्थ लावताना बेगमेने आधी आश्वासन देणाऱ्याचा पूर्वेतिहास वाचला, हे भाषाशास्त्रदृष्ट्याही मर्मग्राही म्हटले पाहिजे.

परंतु न्याय दोन्हीकडे सारखाच हवा. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये, लखनौहून फार दूर नसलेल्या कानपूरला, नानासाहेब पेशव्यांच्या नावाने वेढ्यातील इंग्रजांना अलाहाबादेपर्यंत निर्वेध जाऊ देण्याचे वचन दिले गेले. त्यालाही अट होती : डलहौसीच्या कृत्यांशी संबंध नसलेल्यांनाच ते लागू होते. २७ जून रोजी सतीचौरा घाटावर ते वचन रक्तात बुडाले. गोळीबार कोणाच्या हुकमाने झाला याविषयी एकमत नाही. पण कौल नानासाहेबांचा, म्हणून बोल त्यांना लागला. देणारा असला म्हणजे शब्द पाळला जातोच असे नव्हे. मोडला तर तो कोणाचा मोडला, एवढे मात्र सांगता येते.

ज्यांनी कोणाचे काही बिघडविले नव्हते त्यांचे काय झाले, याची साक्ष मराठीतच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेले भिक्षुक. १८५८ च्या झांशीच्या पाडावात ते सापडले. ‘हार्मलेस’च्या दोन अर्थांपैकी एक त्यांना पुरेपूर लागू होता. दुसरा लागू होईल याची हमी कोणत्याच कागदाने दिली नव्हती. जो इजा करीत नाही त्याला इजा होणार नाही, हे समीकरण त्या नगरात टिकले नाही. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘माझा प्रवास’ पुढे लखनौचेच कादंबरीकार अमृतलाल नागर यांनी ‘आँखों देखा गदर’ या नावाने हिंदीत नेला, हा योगही अर्थपूर्ण आहे.

आज लस सुरक्षित असते, पूल सुरक्षित असतो, ठेव सुरक्षित असते आणि रस्ताही सुरक्षित असतो. एका विशेषणाने निर्धोक, बिनधोक, निर्वेध, सुखरूप, निरुपद्रवी अशा कितीतरी अर्थच्छटा गिळल्या. भाषांतरकाराने त्या प्रसंगानुसार परत आणाव्यात, हे तर झालेच. त्याहून महत्त्वाचे असे की, ‘सुरक्षित’ लिहिण्यापूर्वी त्याने मूळ वाक्याला दोन प्रश्न विचारावेत : हे अभय कोणी दिले, आणि ते मोडल्यास जाब कोणाला विचारावयाचा? उत्तर मूळात नसेल तर भाषांतरात ते घालता येणार नाही. पण ते नाही, एवढे तरी वाचकाला जाणवले पाहिजे. लखनौच्या बेगमेने केलेले वाचन ते हेच.