डेटाबेसची प्रत मागे पडली आहे हे कसे ओळखतात?

वेरूळची लेणी पाहायला निघालेल्या कुटुंबाने मोबाइलवर तिकीट काढले, पैसेही कापले गेले. पण प्रवेशद्वारावर तिकीट सापडेना. समजा, नोंद मुख्य डेटाबेसमध्ये झाली आणि द्वारावरचे यंत्र त्याच्या प्रतीत शोधत असेल, तर असे घडू शकते. तिकीट खरे असते, प्रत मागे पडलेली असते.

रेप्लिकेशन म्हणजे काय?

मुख्य डेटाबेसमधला प्रत्येक बदल दुसऱ्या सर्व्हरवर सतत उतरवत राहणे म्हणजे रेप्लिकेशन. त्यामुळे वाचनाचा भार वाटला जातो आणि मुख्य सर्व्हर बंद पडला तर प्रत कामी येते.

काय तपासतात?

मायएसक्यूएलमध्ये प्रतीच्या सर्व्हरवर 'शो रेप्लिका स्टेटस' ही कमांड देतात आणि तीन गोष्टी पाहतात:

- आयओ थ्रेड: मुख्य सर्व्हरकडून बदल आणतो. पुढे 'येस' हवे.
- एसक्यूएल थ्रेड: आलेले बदल प्रतीत लागू करतो. इथेही 'येस' हवे.
- प्रत किती सेकंद मागे आहे: शून्याच्या जवळ असलेले बरे. 'नल' दिसले तर काम थांबले आहे असे समजावे.

शून्यावर विसंबू नका

हा आकडा प्रतीपर्यंत पोहोचलेल्या बदलांवरून काढला जातो. नेटवर्क मंद असेल तर वाटेत अडकलेले बदल त्यात धरले जात नाहीत. म्हणून 'हार्टबीट' वापरतात: मुख्य डेटाबेसमध्ये दर सेकंदाला वेळ लिहायची, ती प्रतीत वाचायची आणि घड्याळाशी ताडायची. फरक मर्यादेबाहेर गेला की इशारा. अट एकच, दोन्ही सर्व्हरची घड्याळे जुळलेली हवीत.

मुंबईतला धडा

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे (एनएसई) व्यवहार सकाळी ११.४० च्या सुमारास थांबले आणि दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. तिथे डेटाची प्रत साठवण यंत्रणेच्या पातळीवर जवळच्या पर्यायी केंद्रात ठेवली जात होती. बाजाराच्या खुलाशानुसार, दोन केंद्रांमधले दूरसंचार दुवे बिघडले आणि त्यानंतर मुख्य केंद्रातली साठवण यंत्रणाच सर्व्हरना मिळेनाशी झाली. प्रत सुरक्षिततेसाठी होती, पण तिच्याशी संपर्क तुटताच मुख्य कामच अडले.

म्हणून आकड्यांवर नजर ठेवणे पुरेसे नाही. दुवा मुद्दाम तोडून काय होते, याची तालीमही अधूनमधून करावी लागते.